जिवंत माणसाला "सुधारक" म्हणतात का? शब्दाबद्दल प्रश्न

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी, भाषेचा प्रश्न आहे, राजकारण करू नका (कराल हे माहितेय, तरी).

मी एका छोट्या मासिकाचे लेख तपासून देते, शुद्धलेखन, वाक्यरचना वगैरे. या अंकात एक लेख आलाय, जातपंचायतींच्या विरोधात काम करणाऱ्यांवर आणि गावोगाव विधवा प्रथा बंद करायचे ठराव करून घेणाऱ्या लोकांवर. लेखिकेने सगळीकडे "आजचे सुधारक" असं लिहिलंय. संपादकांनी ते खोडून "कार्यकर्ते" केलं, लेखिका म्हणते कार्यकर्ते म्हणजे सतरंज्या उचलणारे, मग संपादक म्हणाले "परिवर्तनवादी" करा, त्यावर ती म्हणाली हा शब्द फक्त निमंत्रणपत्रिकेवर असतो. तिसऱ्या एकाने "पुरोगामी" सुचवला तर दोघंही एकदम नाही म्हणाले, त्या दोघांचं एकमत झालेला हा एकमेव मुद्दा 😀

तर प्रश्न असा की बदल घडवायला निघालेल्या माणसांसाठी आपल्याकडे इतके शब्द आहेत, सुधारक, समाजसुधारक, सुधारणावादी, पुरोगामी, परिवर्तनवादी, प्रागतिक, क्रांतिकारक, बंडखोर, विद्रोही, चळवळ्या, यांच्यात नेमका फरक काय आणि आज कुठला शब्द कुणासाठी वापरतात? शब्दकोशातला अर्थ नको, तो माझ्याकडे आहे. बोलताना कानाला काय वाटतं ते सांगा.

जुनी_फाईल

छान विषय काढलात ताई. जरा लांबड लावतो, सवय आहे.

पहिली गोष्ट, "सुधारक" हा शब्द आज आपल्याला पुतळ्याखालच्या पाटीवरचा वाटतो पण सुरुवातीला तो बऱ्यापैकी शिवी होता. एकोणिसाव्या शतकात "सुधारणा" म्हणजे नुसती दुरुस्ती नव्हे, आज आपण ज्याला सभ्यता किंवा संस्कृती म्हणू त्या अर्थानेही तो शब्द चालायचा, "सुधारलेली राष्ट्रे" असं लिहायचे लोक. त्यामुळे "सुधारक" म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी विलायती चालीरीती आठवायच्या, बूट घालून घरात फिरणारा, शेंडी काढलेला, बायकोला शिकवणारा. "सुधारलेल्या बायका" हे तर उघड टोमण्याचंच. आणि सुधारकी हे विशेषण, सुधारकी थाट, सुधारकी लग्न, यात कौतुक कमी आणि नाक मुरडणं जास्त.

आता आगरकरांनी काय केलं तर हाच शब्द उचलला आणि १८८८ साली आपल्या पत्राचं नावच "सुधारक" ठेवलं. ते आधी १८८१ पासून केसरीचे पहिले संपादक होते, टिळकांशी सामाजिक प्रश्नांवर जमेना म्हणून १८८७ मध्ये बाहेर पडले. सुधारकमध्ये मराठी बाजू आगरकरांची आणि इंग्रजी बाजू गोखल्यांकडे. लोक ज्या नावाने टोचतात तेच नाव पत्राच्या डोक्यावर छापायचं याला मानलं पाहिजे. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली हे सगळ्यांना माहितीच आहे. १८९५ मध्ये वयाच्या चाळिशीच्या आतच गेले. म्हणजे शब्दाला प्रतिष्ठा आली ती हळूहळू, आणि ज्यांनी कमावली त्यांना ती बघायलाही मिळाली नाही.

माझं मत विचाराल तर मराठीत "सुधारक" हा मरणोत्तर किताब आहे. जिवंत माणसाला कोणी सुधारक म्हणत नाही, म्हटलं तर त्यालाच ओशाळल्यासारखं होतं. एखादा हयात माणूस सभेत उठून म्हणाला की मी समाजसुधारक आहे, तर मागच्या रांगेतून हसू येईल की नाही सांगा. तुमच्या संपादकांना हेच खटकलं असणार, त्यांना ते शब्दात सांगता आलं नसेल एवढंच.

तिरकस

"कार्यकर्ते म्हणजे सतरंज्या उचलणारे" 😂 लेखिकेला साष्टांग नमस्कार

वाटाड्या७

जुनी_फाईल यांच्याशी बरंचसं सहमत, पण "मरणोत्तर" हे जरा ओढून ताणून वाटलं. धोंडो केशव कर्व्यांना हयातीतच "कर्ते सुधारक" म्हणायचे की. त्यांनी १८९३ ला विधवेशी लग्न केलं, मग १८९६ ला अनाथ बालिकाश्रम, १९१६ ला महिला विद्यापीठ, आणि माणूस शंभरी ओलांडून जगला, १९५८ ला भारतरत्न मिळालं तेही हयातीत. म्हणजे जगलात पुरेसे तर मिळतो किताब!

मला यातला "कर्ते" हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसतं सुधारक म्हणून आपलं भागेना म्हणून मराठी माणसाने त्याचे दोन भाग पाडले, कर्ते सुधारक आणि बोलके सुधारक. बाकी सगळ्या शब्दांचे अर्थ इकडचे तिकडे झाले पण "बोलके सुधारक" जसाच्या तसा आहे, आजही कोणाला म्हणा, लगेच लागतो. न्या. रानडे एवढा मोठा माणूस, १८६७ पासूनच्या प्रार्थना समाजातलं मोठं नाव, विधवा पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते, पण पहिली पत्नी गेल्यावर १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे नमून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं आणि ते त्यांना आयुष्यभर ऐकावं लागलं. पुढे पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याचं ते प्रकरण, १८९० चं, त्यात ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद, आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं तर सनातनी आधीच नाराज होते, आता सुधारकही नाराज झाले. त्याच चहाला टिळकही होते हं, हे लोक विसरतात.

पुढे त्याच रमाबाई रानड्यांनी सेवासदनात जे काम केलं ते बघता, "बोलका सुधारक" हा शिक्का रानड्यांवर मारणं मला अन्यायाचं वाटतं, घरातल्या घरात त्यांनी तिला शिकवलं तेव्हा घरच्या बायकांचाच केवढा विरोध होता. पण शब्द एकदा चिकटला की चिकटला.

शाईचा_डाग

@वाटाड्या७ हे मस्त. म्हणजे "सुधारक"मध्ये करणं अध्याहृत नाहीये, ते वेगळं सांगावं लागतं, असं ना? उलट "कार्यकर्ता"मध्ये करणं आहे पण विचार कुणाचा ते दुसऱ्याने ठरवलेलं. लेखिकेचा आक्षेप आता कळला मला.

निळी_पाटी

दोन दिवस वाचतोय, कोणीतरी म्हणेल म्हणून थांबलो होतो, कोणी म्हणेना म्हणून लिहितो.

वरच्या दोन्ही मोठ्या प्रतिसादांत सुधारक म्हणजे कोण तर रानडे, आगरकर, कर्वे, गोखले. हे सगळे मोठे आहेत, वाद नाही. पण हा शब्द मुळात कुठल्या घरांतल्या सुधारणेबद्दल होता ते बघा, बालविवाह, विधवांचं केशवपन, पुनर्विवाह, स्त्रीशिक्षण. हे प्रश्न खरेच होते पण त्यातले बरेचसे ठराविक जातींच्या घरातले होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात (जे लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने होऊच दिलं नाही, मग त्यांनी स्वतः छापलं) हा फरक स्वच्छ सांगितलाय, हिंदू कुटुंबाची सुधारणा वेगळी आणि हिंदू समाजाची नव्याने उभारणी वेगळी, आणि सामाजिक परिषदवाले पहिलीच करत राहिले. हे एकदा वाचलं की "समाजसुधारक डॉ. आंबेडकर" असं कुठे लिहिलेलं दिसलं की मला खटकतं. जे घर पाडून नवीन बांधायला सांगत होते त्यांना रंगारी म्हटल्यासारखं वाटतं.

जोतिबांचं बघा. १८४८ ला मुलींची शाळा काढली, पण जेव्हा संघटना काढायची वेळ आली, २४ सप्टेंबर १८७३, तेव्हा नाव काय ठेवलं, सत्यशोधक समाज. सुधारक समाज नाही ठेवलं. शोधक म्हणजे आम्हाला सत्य शोधायचंय, तुमचं आहे तेच जरा नीट करून द्यायचं नाहीये. पुढे हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मंडळ काढलं तेव्हा त्यांनीही "मुस्लिम सत्यशोधक मंडळ" म्हटलं, आणि पेपरवाले आजही त्यांना मुस्लिम समाजसुधारक लिहितात. स्वतः घेतलेलं नाव आणि लोकांनी दिलेलं नाव यात हे असं अंतर आहे.

त्यानंतरचे शब्द पण असेच स्वतः घेतलेले. १९७२ ची दलित पँथर. मग "विद्रोही", साहित्य संमेलनालाच तो शब्द जोडला. विद्रोही म्हणजे नुसता चिडलेला नाही, ज्याला या व्यवस्थेची डागडुजी नकोय तो. आमच्याकडे चळवळीतल्या कुणाला सुधारक म्हणा, तो म्हणेल मी कुठं काय सुधारतोय, मी भांडतोय.

तुमच्या लेखातल्या लोकांना काय म्हणायचं ते त्यांना विचारलंय का कोणी?

जुनी_फाईल

@निळी_पाटी, मुद्दा पटला, विशेषतः सत्यशोधकचा. एकच पुरवणी, आगरकर नुसते केशवपनापुरते नव्हते, जातिभेद, धर्मग्रंथांचं प्रामाण्य, देव आहे की नाही इथपर्यंत गेले होते. पण कुटुंब आणि समाज हा फरक बाबासाहेबांनी केला तो शब्दाच्या अर्थाच्या दृष्टीने फार नेमका आहे, मान्य.

कंटाळवाणा_काका

मी व्याकरणाचं सांगतो कारण तेवढंच येतं.

"सुधारक" मध्ये -क आहे, करणारा. लेखक, वाचक, सुधारक. काम दाखवतो. "-वादी" वाले शब्द मत दाखवतात, काम असेलच असं नाही, सुधारणावादी माणूस आयुष्यभर खुर्चीत बसून सुधारणावादी राहू शकतो. "-गामी" म्हणजे जाणारा, पुरोगामी पुढे जाणारा, प्रतिगामी उलटा जाणारा. हा दिशा दाखवणारा शब्द आहे, आणि दिशेच्या शब्दाची पंचाईत अशी की पुढे कुठे आणि कोणाच्या पुढे ते बोलणाराच ठरवतो, मग ज्याला प्रतिगामी म्हटलं तो चिडणारच.

"क्रांतिकारक" आणि "क्रांतिकारी" यात हल्ली फार घोळ घालतात. मराठीत माणूस क्रांतिकारक आणि निर्णय, शोध, कल्पना क्रांतिकारी. वासुदेव बळवंत फडके क्रांतिकारक, चापेकर बंधू क्रांतिकारक. हिंदीत माणसालाही क्रांतिकारी म्हणतात ते टीव्हीमुळे आपल्याकडे आलंय. आणि मराठीत क्रांतिकारक म्हटलं की हातात शस्त्र येतंच डोळ्यापुढे, म्हणून जोतिबांना क्रांतिकारक नुसतं न म्हणता सामाजिक क्रांतीचे जनक वगैरे म्हणतात, सावित्रीबाईंना क्रांतिज्योती. साताऱ्याच्या प्रतिसरकारवाले नाना पाटील क्रांतिसिंह. म्हणजे आपण क्रांती देतो पण पुढे काहीतरी जोडून.

"बंडखोर" हा शब्द तर वाया गेलाय. १८५७ ला बंड म्हणायचे, बंडवाले म्हणायचे, मग केशवसुतांच्या काळात बंडाला तेज आलं, आणि आता पेपरात बंडखोर म्हणजे ज्याला तिकीट मिळालं नाही तो. अर्ज मागे घेतला की बंड शमलं!! बंडोबा थंडोबा झाले, हा मथळा दर निवडणुकीला ठरलेला.

"जहाल" "मवाळ" पण बघा. १९०७ च्या सुरत काँग्रेसला पक्षच फुटला या दोन शब्दांवर, मवाळांना नेमस्त पण म्हणायचे, पुढे ते स्वतःला प्रागतिक म्हणवून घ्यायला लागले. आता जहाल म्हणजे जहाल भाषण, आणि मवाळ म्हणजे मंत्र्यांनी भूमिका मवाळ केली. माणसं गेली, विशेषणं उरली.

तिरकस

काका कंटाळवाणे अजिबात नाही, नाव बदला.

पुरोगामीचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. हा शब्द कोणी मारला? विरोधकांनी "फुरोगामी" केला ते नंतर. आधी त्याला राजकारणाने वापरून वापरून गुळगुळीत केला. १९७८ ला शरद पवारांचं पहिलं सरकार आलं ते "पुलोद"चं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, आणि त्यात जनता पक्षातून आलेले जनसंघवालेही होते. मग २००४ नंतर दिल्लीतल्या आघाडीचं मराठी नाव काय तर संयुक्त पुरोगामी आघाडी, पेपरात संपुआ. आणि प्रत्येक भाषणात "फुले शाहू आंबेडकरांचा पुरोगामी महाराष्ट्र", हे वाक्य तर माईक टेस्टिंग म्हणून वापरतात. ज्या शब्दाने साखर कारखान्याचा चेअरमन पण पुरोगामी आणि सत्यशोधक पद्धतीने लग्न लावणारा पण पुरोगामी, त्या शब्दात उरणार काय. म्हणून टिंगल करणाऱ्यांचं काम सोपं झालं, भिंत आधीच पोकळ होती, त्यांनी नुसता धक्का दिला.

तरी एक सांगतो, २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या तेव्हा कुणाला या शब्दाची टिंगल सुचत नव्हती. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला, जो वर्षानुवर्षं लटकला होता. दाभोलकरांना कोणी सुधारक म्हटलेलं मी त्यांच्या हयातीत फारसं ऐकलं नाही, अंनिसवाले (अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाले) एवढंच म्हणायचे. आता म्हणतात. जुनी_फाईल, तुमची मरणोत्तरची थिअरी इथे बसते, दुर्दैवाने.

वाटाड्या७

हो 😔 आणि र. धों. कर्वे पण. १९२१ ला संततिनियमनाचं केंद्र, १९२७ पासून १९५३ ला जाईपर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक एकट्याने चालवलं, खटले झाले, कोणी किताब दिला नाही. वडील महर्षी आणि मुलगा अश्लील!

निळी_पाटी

"चळवळ्या" राहिलं. शेवटी -या आला की मराठीत बहुतेक वेळा टपली मारलेली असते. "तो चळवळ्या आहे" म्हणजे त्याला काही कामधंदा नाही. पण "तो चळवळीतला माणूस आहे" म्हटलं की आदर. शब्द तोच. आमच्याकडे स्थळ बघताना पण दोन्ही ऐकायला मिळतात, मुलीकडचे पहिलं म्हणतात आणि मुलाकडचे दुसरं.

आणि आंदोलक/निदर्शक/मोर्चेकरी हे तर त्या दिवसापुरते. मोर्चा संपला की मोर्चेकरी संपला. २०२१ मध्ये पंतप्रधानांनी राज्यसभेत "आंदोलनजीवी" काढला तेव्हा त्यातली मेख हीच होती की त्या दिवसापुरत्या ओळखीला कायमचा धंदा ठरवायचं. काही लोकांनी लगेच अभिमानाने लावून घेतला, "होय मी आंदोलनजीवी". आगरकरांचीच युक्ती.

शाईचा_डाग

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद!! @निळी_पाटी, तुमचा प्रश्न मी लेखिकेला तसाच पाठवला. तिचं उत्तर: त्यातल्या बऱ्याच जणींनी स्वतःला काहीच म्हटलेलं नाही. एक जण म्हणाली "मी सरपंच आहे", दुसरी म्हणाली "मी आशा वर्कर आहे", जातपंचायतीविरुद्ध लढणारा एक म्हणाला "आम्ही पीडित कुटुंब, तक्रारदार". कोल्हापुरातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथाबंदीचा ठराव केला तेव्हापासून हे ठराव पसरले, तिथेही बातम्यांमध्ये आधी सरपंच, ग्रामसेवक, ग्रामसभा असेच शब्द होते म्हणे.

म्हणजे आता ती म्हणतेय की सगळीकडे त्यांचं काम जे आहे तेच लिहावं आणि गटासाठी शब्दच नको. पण मथळ्याला तर काहीतरी लागेलच ना.

आणि एक छोटा प्रश्न राहिला, लेखात बहुतेक बायका आहेत. समजा सुधारक ठेवलं तर "सुधारिका" करायचं का? संपादक म्हणतात करा.

कंटाळवाणा_काका

नको. सुधारिका कानाला उपरं वाटतं. लेखिका, गायिका रुळले कारण रोज वापरात आले. "समाजसुधारिका" कुठेकुठे छापलेला दिसतो, पण बोलताना कोणी म्हणत नाही. "सुधारक पंडिता रमाबाई" बिनधास्त लिहा, काही बिघडत नाही. तसंही त्यांचं नाव सुधारकांच्या यादीत यायला फार उशीर झाला, १८८२ ला आर्य महिला समाज काढला, १८८९ ला शारदा सदन, पण मध्ये १८८३ ला ख्रिस्ती झाल्या ना, मग आपल्या लोकांनी यादीतून नावच खोडलं. ताराबाई शिंद्यांचं १८८२ चं स्त्रीपुरुष तुलना तर कित्येक दशकं कोणाला आठवतही नव्हतं. इथे प्रत्ययाचा प्रश्नच नव्हता, बाई यादीत होती कुठे.

मथळ्याला "ठराव करणाऱ्या बायका" असं साधं काही बघा की. आणि जातपंचायतवाल्यांचा लेख वेगळा करा, तो विषय पार निराळा आहे, त्यावर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तक्रारदार हा तिथे कायद्यातलाच शब्द झाला, तो तसाच ठेवा.

जुनी_फाईल

काकांना अनुमोदन. फक्त "ठराव करणाऱ्या" मध्ये ठराव कागदावर राहिल्याचा वास येतो. ठराव झाल्यावर मंगळसूत्र खरंच कुणाचं तोडलं नाही, बांगड्या कुणाच्या फोडल्या नाहीत, हे लेखात आहे का? असेल तर मथळा तिथून घ्या. नसेल तर लेखिकेला आधी ते विचारून यायला सांगा, नाहीतर वाटाड्यांचे ते बोलके सुधारक आहेतच.

शाईचा_डाग

आहे, दोन गावांचं आहे. तिसऱ्या गावात ठराव झाला पण दिराने ऐकलं नाही, तेही आहे. संपादक ते कापायला निघाले होते, लेखाचा सूर बिघडतो म्हणून. आता नाही कापू देत.